टेबलाला काय लावायचं

तुमच्या सोफ्यावरचं प्लास्टिकचं कव्हर तुम्ही शेवटचं कधी काढलं होतं? खरं सांगा. टीव्हीचा रिमोट अजून पिशवीतच आहे ना? आणि लग्नात आलेला तो फुलाफुलांचा कपांचा सेट, त्यातून आजवर कुणी चहा प्यायलाय का?

लाजू नका. वस्तू खराब होऊ नये म्हणून ती न वापरणं हा आपल्या घराघरातला रोग आहे, आणि या रोगाच्या सगळ्यात मोठ्या रोग्याच्या घरात मी भाड्याने राहिले आहे. त्यांच्यावर चिडले आहे, त्यांच्याशी भांडले आहे आणि त्यांच्याच ओसरीवर बसून रोज चहा प्यायले आहे. त्यांना मी काका म्हणत असे. सगळं धारूर त्यांना कंडक्टर म्हणत असे.

धारूरला आमच्या संघटनेचं काम सुरू झालं तेव्हा मला राहायला खोली हवी होती. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांमध्ये फिरणारी एकटी पोरगी, कपड्यांची पिशवी एक आणि पत्रकांचे गठ्ठे डझनभर. असा भाडेकरू बघून लोकांच्या खोल्या अचानक पाहुण्यांसाठी राखीव व्हायच्या. काकांनी मात्र नाव-गाव, जात-पात, आईवडील काय करतात, यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी माझ्या हातात काहीतरी चोळलेल्या लाकडाच्या दोन पट्ट्या दिल्या.

"हात फिरवून सांगा, कोणती बरी वाटती?"

मी म्हणाले, "डावी."

"कावून?"

मला कारण सुचेना. "गरम वाटते," असं काहीतरी बोलून गेले.

काकांचा चेहरा उजळला. आत वळून त्यांनी हाक दिली, "ऐकलं का, ह्या पोरीला जवसाचं तेल गरम लागलं. हे आजपतुर कोणीच सांगितलं नव्हतं."

आतून काकूंचा आवाज आला, "मग तिला खोली द्या आणि मला सोडा."

अशी मला खोली मिळाली. आमच्या संघटनेला त्या गावात पहिला आधार जवसाच्या तेलाने दिला, हे मी एकाही अहवालात लिहिलेलं नाही.

काकांची सगळी नोकरी एसटीत गेली. धारूरचा घाट उतरून तेलगावच्या बाजूला आणि परत. कंडक्टरच्या हातात दोरी असते. एक टोला म्हणजे थांबा, दोन टोले म्हणजे चला. काका निवृत्त झाले तरी टोले सुटले नव्हते. बोलणाऱ्याला थांबवायचं असेल तर ते बोटाच्या पेराने जवळच्या लाकडावर एकदा टक करायचे. दारावर, खाटेच्या पायावर, काहीच नसलं तर स्वतःच्या चष्म्याच्या डबीवर. मी श्रमाच्या मूल्यावर बोलायला लागले की हमखास टक व्हायचं. दोनदा टकटक मात्र मी त्यांच्याकडून क्वचितच ऐकली.

त्याचीही ख्याती होती. "आजून एक जण येतोय" हे त्यांचं वाक्य त्या रस्त्यावरच्या सगळ्या गावांना पाठ होतं. लांब रानातून कुणी हात हलवताना दिसलं की गाडी उभी. तो माणूस गाडीसाठी हात हलवतोय की पाखरं हाकतोय, याची खात्री होईपर्यंत गाडी उभी. ड्रायव्हर करवादायचे, आतले लोक शिव्या घालायचे आणि मग तेच लोक दुसऱ्या दिवशी उशिरा निघायचे, कारण कंडक्टर थांबणार हे ठाऊक असायचं.

निवृत्तीनंतर त्यांनी सुतारकाम शिकायचं ठरवलं. मोबाइलवर व्हिडिओ बघून आणि रशीदमामूंच्या दुकानात बसून. रशीदमामू गावातले जुने पॉलिशवाले, काकांचे शाळेपासूनचे दोस्त. सुतारकामाला आधी टेबल हवं, म्हणून काकांनी टेबल केलं. मोडक्या बैलगाडीच्या बाभळीचे पाय आणि वादळात पडलेल्या अंगणातल्या कडुलिंबाचा जाडजूड फळा. कमरेएवढं उंच. हलवायचं म्हटलं तर चार माणसं दम टाकतील. मी त्यावर उभी राहून भाषण केलं असतं तरी ते हललं नसतं. टेबल झकास झालं होतं, हे मी शत्रू असते तरी मान्य केलं असतं.

फक्त त्यावर काहीही करायला बंदी होती. कारण वरून काय लावायचं ते ठरलं नव्हतं.

"कोरं लाकूड कामाला लावलं की संपलं," काका सांगायचे. "डाग बसणार, पावसाळ्यात फुगणार, वाळवी लागणार. एकदा चांगलं कायतरी लावलं की जन्माची काळजी मिटली."

ते चांगलं कायतरी काय, एवढाच प्रश्न होता. जवसाचं तेल लाकडात मुरतं, पण वाळायला दिवस लागतात. करडईचं तेल घरात आहे, पण त्याला मुंग्या येतील का? चपडा लाखेचं पॉलिश आरशासारखं चमकतं, पण गरम कप ठेवला की पांढरा गोल उमटतो. वॉर्निश टणक, पण हातोडी लागली की टवका उडतो. गॅरेजवाल्याने गाडीचं जळकं ऑइल फुकट देऊ केलं होतं. त्याने वाळवी फिरकत नाही, पण त्या टेबलावर केलेल्या प्रत्येक वस्तूला ट्रकचा वास आला असता. काकांनी प्रत्येकाची एक पट्टी करून ओसरीला टांगली होती. रोज सकाळी त्यांवर चहा सांडायचे, लिंबू घासायचे, खिळ्याने ओरखडे काढायचे, आणि प्रत्येक पट्टी कुठेतरी नापास व्हायची.

रशीदमामू संध्याकाळी येऊन पट्ट्यांखाली बसत आणि म्हणत, "कंडक्टर, येवढ्या टायमात दुसरं झाड उगवलं असतं, यार. चपडा लाव आन् मोकळा हो."

"तू चपडाच सांगणार. तुझा धंदा हाय."

"माझा धंदा हाय म्हणून तर सांगतोय. तुझा धंदा न्हाई म्हणून तू इचारत बसलायस."

टक. विषय बंद.

आता यात बिघडलं काय, असं तुम्ही म्हणाल. म्हातारपणाचा छंद, कुणाचं काय जातं? जात होतं. काकूंचे गुडघे जात होते.

काकूंच्या गुडघ्यांचा त्रास मी राहायला येण्याआधीच सुरू झाला होता. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, जमिनीवर बसायचं नाही आणि फार वेळ उभंही राहायचं नाही. राहिलं काय मग? उंच स्टूल. स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी बसून भाकरी थापता येईल असं. ते बाजारातून आणायला काकू निघाल्या, तर काकांनी अडवलं. "प्लास्टिकचं डगमगतं बूड आणायचं न्हाई. मी करतो. सागाचं, दांडगं. टेबल होऊ दे, पहिलं काम तुझं."

बघा, नवरा प्रेमाने बोलला. आणि त्या प्रेमापायी काकू भिंत धरून उठत होत्या, ओट्याला टेकून एकेक भाकरी थापत होत्या आणि दोन भाकऱ्यांच्या मध्ये एक पाय उचलून उभ्या राहत होत्या. बगळ्यासारख्या. हे त्यांचंच वर्णन. सागाच्या फळ्या कोपऱ्यात उभ्या होत्या, करवत नवी होती, टेबल तयार होतं. अडलं होतं ते फक्त तेल की वॉर्निश एवढ्यावर.

मी पत्रकांवर वाढलेली पोरगी. आमच्या घरी गोष्टींची पुस्तकं कमी आणि मागण्या जास्त असायच्या. अन्याय दिसला की मला तो ठळक अक्षरात दिसतो आणि खाली ठिकाण व वेळ. मी काकांना स्पष्ट सांगितलं, "हे शोषण आहे."

त्यांनी चष्मा पुसला. "कोणाचं?"

"काकूंचं."

"मग तिच्यासाठीच तर चाललंय सगळं."

"काका, सगळे शोषक हेच म्हणतात."

त्यांना राग आला नाही. उलट विचार करून म्हणाले, "बरं झालं बोललीस. आता असं सांग, तुमच्या संघटनेचं वॉर्निशबद्दल काय मत हाय?"

हा प्रश्न ते सगळ्यांना विचारत. निवडणुकीत प्रचाराला आलेल्या पोरांनाही त्यांनी दारात अडवून पट्ट्या दाखवल्या होत्या. पोरं मतं मागायला आली होती, ती लाकडाचा वास घेत उभी राहिली. त्यांच्यातला पुढारी मोठ्या आत्मविश्वासाने म्हणाला, "आमचं सरकार आलं की बघू." काका गंभीरपणे म्हणाले, "म्हंजे तुमचंबी ठरलेलं न्हाई."

एकदाच त्यांनी निर्णय घेतला. वॉर्निश. उन्हाळ्याची सुरुवात होती. दुपारी त्यांनी अंघोळ घातल्यासारखं टेबल स्वच्छ पुसलं आणि एक हात मारला. टेबल असं चमकलं की काकू हातातली भाजी, ओले हात, सगळं घेऊन बघायला आल्या. "म्हंजे उद्या स्टूल?" त्यांनी विचारलं. "उद्या वाळंल, परवा स्टूल," काका म्हणाले.

संध्याकाळी वावटळ उठली. बालाघाटाच्या त्या कडेला उन्हाळ्यात वारा धूळ घेऊनच येतो. ओल्या वॉर्निशवर धूळ बसणार, म्हणून काकांनी हाताला लागेल ते झाकायला घेतलं. हाताला लागले माझ्या खोलीबाहेरचे पत्रकांचे गठ्ठे. कालच छापून आलेली, शाई नीट न वाळलेली पत्रकं त्यांनी टेबलभर अंथरली आणि वर विटा ठेवल्या.

सकाळी पत्रकं निघाली ती चिंध्या होऊन. आणि जिथे निघाली तिथे वॉर्निशवर आमची वाक्यं उमटली होती, उलटी. काका डोक्याला हात लावून उभे. काकूंनी मला विचारलं, "काय लिव्हलंय गं?"

मी मान वाकडी करून वाचलं. "घरातलं काम हेही काम आहे."

काकू भिंत धरून टेबलापाशी आल्या. मग म्हणाल्या, "ह्या घरात पहिल्यांदा टेबलाला समजलं."

त्यानंतर काकांनी काचेच्या तुकड्याने ते सगळं खरवडून काढलं. कितीतरी दिवस घरात खर्रर्र आवाज येत होता. आतून भाकरी थापल्याचा आवाज येई, बाहेरून खरवडल्याचा. शेवटी टेबल पुन्हा कोरं झालं. फक्त एका कोपऱ्यात 'काम' एवढा शब्द राहिला, तोही उलटा. पट्ट्या पुन्हा ओसरीला लागल्या.

त्या दिवसांत मी त्यांच्यावर खरंच तापले. म्हटलं, "काका, कधीतरी निवड करावी लागते. न निवडणं हीसुद्धा निवडच असते, आणि तिची किंमत दुसरं कुणीतरी देतं." हे वाक्य पत्रकातलंच होतं, पण मनापासून म्हटलं होतं.

टक झालं नाही. ते पट्ट्यांकडे बघत बोलायला लागले.

"नोकरी नवी होती तवा एकदा डबल बेल दिल्ती. गाडी भरली व्हती, ड्रायव्हर घाई करत व्हता. दिली. गाडी घाटाला लागली आन् मी मागच्या काचंतून बघितलं. एक बाई पळत येत व्हती. काखंत लेकरू, डोक्यावरचा पदर पडलेला. हात करत व्हती. तवा पुना बेल मारायला पायजे व्हती. न्हाई मारली. ती कावून पळत व्हती, लेकराला काय झाल्तं, कायच कळलं न्हाई. पुढं त्या थांब्यावर लई दिवस इचारलं. कोणालाच ठाऊक न्हाई." त्यांनी जवसाची पट्टी सरळ केली. "तवापासून मला वाटतं, जरा थांबावं. कोणतरी येत असंल."

इतक्या सच्च्या माणसाविरुद्ध घोषणा कशी द्यायची, हे आमच्या घरात कुणी शिकवलं नव्हतं.

काकू दारात भाजी निवडत उभ्या होत्या, भिंतीला टेकून. त्यांनी ही गोष्ट आधीही ऐकलेली असणार. त्या शांतपणे म्हणाल्या, "ती बाई मागच्या गाडीनं गेली असंल. मी हितंच हाय."

एवढंच बोलून त्या आत गेल्या. काका मात्र त्या दिवशी पट्ट्यांवर चहा सांडायला विसरले.

दोन-तीन सकाळी गेल्या असतील. काका दूध आणायला बाहेर पडले आणि काकूंनी माझं दार वाजवलं. "ऊठ. तुझी ती कागदं दे."

"कोणती?"

"जी कोणी नेत न्हाई ती."

माझ्या खोलीत अशी बरीच होती. आम्ही दोघींनी गठ्ठे ओसरीत नेले आणि टेबलापाशी एकावर एक रचले. वर काकूंनी जुनं पोतं टाकलं, हाताने दाबून बघितलं आणि बसल्या. उंची बरोबर जमली. मग त्यांनी मला काठवट आणायला लावली, पिठाचा डबा, पाण्याचा तांब्या, गॅसची छोटी शेगडी. सगळं त्या कोऱ्या, खरवडून गुळगुळीत झालेल्या, कुणी कधी कामाला न लावलेल्या टेबलावर. तवा तापला. काकूंनी काठवटीत पहिली भाकरी थापायला घेतली. पीठ उडालं, पाणी सांडलं, तवा पुसायच्या फडक्यातलं करडईचं तेल फळ्यावर टिपकलं. काकूंच्या चेहऱ्यावर मी इतका आराम कधी बघितला नव्हता.

काका दुधाची किटली घेऊन फाटकातून आले आणि जागेवर थांबले.

त्यांनी टेबल बघितलं. तेलाचा डाग बघितला. शेगडी बघितली. हळूच पुढे आले, किटली खाली ठेवली आणि टेबलाच्या कडेवर बोटाच्या पेराने एकदा वाजवलं. टक.

काकूंनी मान वर केली नाही. भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. मग उलथणं उचललं आणि त्याच टेबलावर दोनदा वाजवलं. टक, टक.

काकूंनी एसटीत कधी नोकरी केली नव्हती. पण कंडक्टरच्या बायकोला बेल समजते, आणि डबल बेल झाल्यावर गाडी उभी ठेवत नाहीत हे कंडक्टरला समजतं. काकांनी टांगलेल्या पट्ट्यांकडे बघितलं. मला वाटलं आता पट्ट्यांचं, वाळवीचं, मुंग्यांचं पुराण सुरू होणार.

ते म्हणाले, "तिकडं जरा सरक. ह्या बाजूला मला जागा लागंल."

"कशाला?"

"स्टूल करायचंय न्हवं."

त्या सकाळी मी जे बघितलं ते मी कुठल्याही सभेत बघितलेलं नाही. टेबलाच्या एका टोकाला काकू भाकरी थापत होत्या, दुसऱ्या टोकाला काका सागाची फळी कापत होते. मधे पीठ आणि भुसा एकमेकांत मिसळत होते. काकू म्हणाल्या, "भुसा भाकरीत येतोय." काका म्हणाले, "पीठ करवतीत जातंय." तरी दोघांपैकी एकही जण जागचा हलला नाही. रशीदमामू आले, फाटकातच थांबले, सगळं बघून आत येऊन एक गरम भाकरी उचलून खायला लागले.

स्टूल झालं. एक पाय किंचित आखूड होता, त्याखाली घडी घातलेलं आमचं पत्रक गेलं. काकू त्यावर बसल्या. काकांनी लगेच खिशातून पट्टी काढली आणि रशीदमामूंकडे वळून म्हणाले, "स्टुलाला मात्र काय लावावं?"

"बसलीय मी," काकू म्हणाल्या. "आता लावा काय लावायचं ते."

त्या स्टुलाला कधीच काही लावता आलं नाही. काका विचारायचे तेव्हा काकू त्यावर बसलेल्या असायच्या. टेबलाचंही तसंच. काकूंची भाकरी ओट्यावरून त्या टेबलावर आली ती कायमची. दुसऱ्या टोकाला काकांनी मग शेजाऱ्याच्या खाटेचा पाय, शाळेतल्या बाकाची फळी, आमच्या फलकांचे दांडे असं बरंच केलं. डाग पडले, खाचा पडल्या, ओरखडे आले. काका अधूनमधून डागावर हात फिरवत म्हणायचे, "करडईचंच बरं दिसतंय, न्हाई का?" पण पट्ट्या त्यांनी शेवटपर्यंत काढल्या नाहीत. वारा आला की ओसरीत त्या एकमेकींवर वाजायच्या.

काका गेले तेव्हा त्या रस्त्यावरच्या गावांतून माणसं येत राहिली. ज्यांच्यासाठी त्यांनी कधीतरी गाडी उभी केली होती अशी माणसं, म्हातारी झालेली, काही नातवाच्या मोटारसायकलवर मागे बसून आलेली. उशीर होत होता. कुणीतरी निघायचं म्हणालं. काकू स्टुलावर बसून होत्या. त्या म्हणाल्या, "थांबा. आजून एक जण येतोय." आणि सगळे थांबले.

टेबल आता काकूंनी आमच्या संघटनेला वापरायला दिलंय. ते त्याच ओसरीत आहे. एका टोकाला काकू, दुसऱ्या टोकाला ज्याला काम असेल तो. करवत, पटाशी, हातोडी, सगळं काकांचं तिथेच आहे.

म्हणून माझी एक विनंती आहे, आणि ती तुम्ही वाचून बाजूला ठेवू नये. आज घरी गेल्यावर सोफ्याकडे बघू नका, स्वयंपाकघरात जा. तिथे काम करणाऱ्या बाईला टेकायला काय आहे ते बघा. तिला विचारा, गुडघे कसे आहेत. बसायला काही नसेल तर कुठल्याही चार फळ्या घेऊन धारूरला या, आपण स्टूल करू. रशीदमामू पाय सरळ आहेत का बघून देतात, काकू बसून उंची सांगतात. टेबल मोकळं आहे. पॉलिशचं नंतर बघू.